गणिताची लाह

अनुसयाबाईंनी गायत्री पावराचं शिक्षण एका जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आखलं होतं. खताच्या दुकानदाराने दिवाळीला वाटलेलं कॅलेंडर, कागद जाड आणि गुळगुळीत. पट्टी धरून त्यांनी बी.ए.च्या तीन वर्षांचे तीन रकाने पाडले होते आणि उजवीकडे एक मोठा चौकोन काढून त्यात लिहिलं होतं, एम.ए., अर्थशास्त्र. पुणं, दिल्ली, हैदराबाद, जिथे मिळेल तिथे. चौकोनाच्या अलीकडे प्रवेश परीक्षा. पहिल्या रकान्यात बरोबरच्या खुणा झाल्या होत्या. दुसऱ्यात मात्र एका जागी लाल शाईचा गोल होता आणि त्यात एकच शब्द होता, गणित.

"हा गोल भरला नाही ना, तर तो चौकोन विसरायचा," बाई म्हणाल्या.

"भरायचाच, बाई," गायत्री म्हणाली. ती ओट्यावर मांडी घालून बसली होती आणि गोलाकडे अशी बघत होती, जशी एखादी बाई विहिरीत पडलेल्या कळशीकडे बघते.

आतून तापीबाईचा आवाज आला. "चहा थंडा व्हई गया तुम्हना!" तापीबाई अनुसयाबाईंच्या घरी स्वयंपाकाला यायची त्याला वीस वर्षं झाली होती. मालकीण कोण आणि कामवाली कोण हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी कळत नसे.

लोणखेड्यातल्या या घराच्या मागे दोन गल्ल्या सोडून मुलींचं वसतिगृह होतं. डोंगरातल्या मुली तिथे राहून शहाद्याकडच्या कॉलेजात जायच्या. कोणी कढीपत्ता मागायला बाईंकडे येई, कोणी मोबाइल चार्जिंगला लावायला. गायत्री पहिल्यांदा आली ती वर्तमानपत्र मागायला. बाईंना वाटलं, पोलीस भरतीची तयारी असेल, सगळ्यांचीच असते. पण या मुलीने भाकरीएवढी घडी उलगडून बाजारभावाचा कोपरा वाचला आणि विचारलं, "बाई, तुम्ही अर्थशास्त्र शिकवायच्या ना? मग एक सांगा. आमच्याकडे मे महिन्यात सगळ्या बाया कैऱ्या सोलतात, आमचूर वाळवतात. पाऊस यायच्या आत विकावं लागतं, ओलं झालं तर काळं पडतं. म्हणून सगळ्या एकाच आठवड्यात बाजारात जातात आणि भाव पडतो. हे सगळ्यांना माहीत आहे. मग आमच्या गावात कोणी गोदाम का बांधत नाही? आणि बांधलं तर फायदा कोणाचा होईल, आमचा की बांधणाऱ्याचा?"

अनुसयाबाईंनी एकतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं. मागणीचा वक्र त्यांनी फळ्यावर किती वेळा काढला असेल याची गणती नव्हती. एकतीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. मुलं विचारायची, बाई, हे परीक्षेला येणार का?

"तू कोणत्या शाखेला आहेस?" त्यांनी विचारलं.

"बारावी सायन्स झालं. उद्या बी.एस्सी.चा फॉर्म भरणार."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कॉलेजात गेल्या. विज्ञान शाखेच्या खिडकीसमोर गायत्री रांगेत चौथी उभी होती. बाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाजूच्या, कला शाखेच्या रांगेत नेऊन उभं केलं. "अर्थशास्त्र करायचं तर बी.ए. करायचं," त्यांनी सांगितलं. गायत्रीने मुकाट ऐकलं. डोंगरातली मुलगी, बाईंचं वय चौऱ्याहत्तर, आणि शिवाय तिच्या वडिलांनी, बाज्याने, फोनवर आधी हेच विचारलं होतं की बाई काय म्हणते.

एक वर्ष चांगलं गेलं. बाईंनी तिला स्वतःची जुनी पुस्तकं दिली. इंग्रजी सुधारावं म्हणून रोज एक पान मोठ्याने वाचायला लावलं. आणि पहिल्या दिवसापासून एक गोष्ट तिच्या डोक्यात बसवली, की एम.ए.च्या अर्थशास्त्राला गणित लागतं, नुसतं बेरीज-वजाबाकीचं नव्हे, खरं गणित. ते नसेल तर माणूस तिथे जाऊन मुका होतो. हे सांगताना बाईंचा आवाज थोडा बदलायचा. गायत्रीच्या ते लक्षात आलं होतं, पण तिने कधी विचारलं नाही.

आता दुसऱ्या वर्षी मुख्य विषयाला जोडीचा एक दुसरा विषय घ्यायचा होता, कॉलेजातली मुलं त्याला मायनर म्हणायची. गायत्रीने गणित मागितलं. गणिताचे प्रमुख पितांबर सर बाईंच्या शेजारच्या घरात लहानाचे मोठे झालेले. त्यांनी सरळ सांगितलं. कला शाखेच्या मुलांसाठी गणिताचा वेगळा वर्ग काढता येतो, नियमात बसतं, पण किमान दहा नावं पाहिजेत. आजवर कधी दोनच्या वर गेलेली नाहीत.

"दहा?" गायत्रीने ओट्यावर बसून बोटं मोजली. मग ती एकदम उठली. "बाई, रविवारी तुमच्या अंगणात दहा माणसांचा स्वयंपाक करू का? सामान मी आणते. भांडी तेवढी तुमची."

"कशाला?"

"लाह बोलावते."

लाह म्हणजे काय ते बाईंना ठाऊक होतं. वर धडगावच्या डोंगरात एखाद्या घरी काम अंगाबाहेर गेलं, निंदणी उरकेना किंवा घर शाकारायचं राहिलं, की घरधनी लाह बोलावतो. वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक माणूस येतो. दिवसभर काम करायचं, मजुरी घ्यायची नाही. संध्याकाळी त्या घरी सगळ्यांनी एकत्र जेवायचं. पुढे त्यांच्यातल्या कोणी बोलावलं की आपण जायचं. वर्गात सहकाराचा धडा शिकवताना बाई लाहेचं उदाहरण द्यायच्या. त्यामुळे त्यांना ही कल्पना फारच आवडली. आवडली म्हणून त्यांनी पुढचा विचार केला नाही.

रविवारी अंगणात तीन दगडांची चूल मांडली गेली. उडदाची दाळ, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. तापीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "ह्या पोरी आठे काय करी ऱ्हायन्यात? मन्ही चूल कमी पडनी का तुम्हले?" पण पाच मिनिटांत ती स्वतःच भाकरी थापायला बसली, कारण मुलींच्या भाकरी तिला जाड वाटल्या.

नऊ जण आले. गायत्रीची खोलीतली मैत्रीण रंजना, जी रोज पहाटे भरतीसाठी पळायची. नवापूरकडची प्रिस्किला, जिची जीभ कात्रीसारखी चालायची. काठी गावचा वीरसिंग, अबोल चेतना, आणि वर्गातली आणखी पाच मुलं. सगळ्यांनी मोबाइलवर विषय निवडीचा फॉर्म भरला, गायत्रीने दुकानातून प्रिंटा काढून आणल्या, ओट्यावर ओळीने बसून सगळ्यांनी सह्या केल्या. मग पंगत बसली.

"लाहेला बोकड असतो," वीरसिंग म्हणाला. "ही नुसती दाळच दिसते."

"बोकड मी एम.ए. झाल्यावर."

"तोवर आमचे दात पडतील गं!"

"आमच्याकडे नवापूरला लाहबिह काही नाही," प्रिस्किला म्हणाली, "पण जेवण म्हटलं की मला कुठलीही रीत चालते. गायत्री, अजून कशावर सही पाहिजे तर सांग, भाकरी गरम आहे तोवर देते."

अनुसयाबाई खुर्ची टाकून बघत होत्या. त्यांच्या मनात आलं, आपल्या वेळी असे नऊ जण असते तर. मुलं गेल्यावर त्यांनी कॅलेंडर काढलं आणि लाल गोलात बरोबरची खूण केली.

पुढच्या मंगळवारी दुपारी पितांबर सरांचा फोन आला. "बाई, दहा नावं शेतस, पन वर्गमा तीनच पोरं येतस. बाकीना कोठे गयात?"

बाई म्हणाल्या, येतील, आठवडा तर झालाय.

सरांचं बोलणं मग ऑफिसच्या मराठीवर आलं. शनिवारी पाच वाजता यादी विद्यापीठाकडे जाणार. तोवर ज्याला विषय बदलायचा त्याला बदलता येईल. त्यानंतर विषय कायम. तास केले नाहीत तरी परीक्षा द्यावीच लागेल, नापास झालं तर ते मार्कशीटवर येईल, शिष्यवृत्तीही अडकू शकते. "मी आपलं सांगून ठेवतो. पण दहा आहेत ते बरं आहे बाई. वर्ग तर उघडला. पोरं काय, ओढूनताणून शिकतील."

फोन ठेवल्यावर बाईंना सगळं लख्ख दिसलं. लाहेला गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या शेतात जात नाही. त्याचं काम संध्याकाळी संपतं, जेवण झालं की संपतं. या मुलांच्या लेखी सही हेच काम होतं. वर्ग उघडायला दहा नावं हवी होती, ती दिली, जेवले, उठले. गायत्रीलाही तसंच वाटत होतं. वर्ग उघडला की ज्याला शिकायचं तो बसेल, बाकीचे आपापल्या वाटेने जातील.

आणि हे दोन्ही आता फक्त त्यांना एकट्यांना माहीत होतं, सरांना लाह माहीत नव्हती आणि मुलांना शनिवार.

त्या रात्री जेवताना तापीबाईने दोनदा विचारलं की भाजी बिघडली का. बाई म्हणाल्या, नाही. मनात त्या हिशेब मांडत होत्या. सात मुलं आहेत. एक पेपर अवघड जाईल. मी शिकवीन त्यांना, रविवारी बोलावीन. किंवा पितांबर पासापुरतं बघून घेईल. शनिवारपर्यंत चार दिवस गप्प बसायचं, इतकंच. त्या बदल्यात एक मुलगी, अशी मुलगी की जी पन्नास वर्षांत एकदा येते, त्या चौकोनात जाऊन बसेल. असं कोणी तेव्हा आपल्यासाठी गप्प बसलं असतं तर? असे विचार माणूस करत गेला की त्याला आपलं म्हणणं फार शहाणपणाचं वाटायला लागतं. बाईंनाही वाटलं.

बुधवारी सकाळी त्या फिरायला गेल्या तेव्हा मैदानावर रंजना भेटली. घामाने निथळत होती, चेहरा फुललेला.

"बाई! आठशे मीटर, तीन मिनिटं दहा सेकंद. मागच्या महिन्यात तीन चाळीस होतं!"

"वा!"

"गायत्रीचं गणित सुरू झालं ना बाई? बरं झालं. आमचं एक काम मार्गी लागलं. मी भूगोलाला बसते, ते सर चांगले आहेत, झोपू देतात."

सांगायला हीच वेळ होती. शब्द ओठांपर्यंत आले होते. बाई म्हणाल्या ते एवढंच, "आधी पाणी पी."

घरी येईपर्यंत रस्त्यात त्यांना दोनदा थांबावं लागलं. गुडघा दुखत होता असं त्यांनी तापीबाईला सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी गायत्री आली ती वही नाचवत. "बाई, तिघंच असलो ना, की सर एकेकाच्या वहीत बघतात. मी, वीरसिंग आणि चेतना. वीरसिंग फक्त पंख्याखाली बसायला येतो म्हणतो, पण त्याला येतं! आणि बाई, मला आज एक कळलं. आमचूरचा भाव एका दिवसात किती पडला ते आपण बघतो ना, पण तो पडण्याचा वेग किती होता, तो वेग कधी वाढला, हे पण काढता येतं. त्याला चिन्ह आहे. हे बघा."

वहीत तिने ते चिन्ह काढलं होतं. वर डीवाय, खाली डीएक्स, मध्ये आडवी रेघ. बाईंनी ते बघितलं आणि वही मिटून बाजूला ठेवली.

"गायत्री, बस. मला तुला एक सांगायचंय. मंगळवारीच सांगायला पाहिजे होतं."

त्यांनी सांगितलं. शनिवार पाच वाजता, यादी, परीक्षा, मार्कशीट, शिष्यवृत्ती.  गायत्री ओट्यावर बसलेल्या माशीकडे बघत राहिली.

"म्हणजे रंजना नापास होणार," शेवटी ती म्हणाली.

"शिकवलं तर..."

"तिला गणित येत नाही, बाई. सातवीत गणिताच्या भीतीने ती आश्रमशाळेतून पळून घरी गेली होती. दोन दिवस चालत. मला माहीत आहे आणि मी तिच्याकडून सही घेतली." मग तिने मान वर केली. "तुम्हाला मंगळवारी कळलं?"

"हो."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"लाहेला बोलावून माणसाला असं अडकवून सोडत नाहीत, बाई. आमच्याकडे असं केलं तर त्या घरी पुन्हा कोणी पाय ठेवत नाही." आवाज चढला नव्हता, पण तिने बाईंच्या पायांना हात न लावता चप्पल घातली. एक वर्षात असं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता कॉलेजच्या व्हरांड्यात नोटीस बोर्डाजवळ गायत्रीने सगळ्यांना जमवलं. अनुसयाबाई न बोलावता गेल्या. घरी बसून राहणं त्यांना जमलं नसतं.

गायत्रीने सगळं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला खरंच वाटेना.

"जेवलो त्या दिवशीच संपलं ना ते?" एकाने विचारलं.

"नाही संपलं. पदवी होईपर्यंत आहे. मलाच माहीत नव्हतं."

"अगं बाई बाई!" प्रिस्किला ओरडली. "एका वाटी दाळीवर दोन वर्षं गणित! मला निदान दुसरी वाटी तरी वाढायची होतीस!"

सगळे हसले. रंजना हसली नाही. "तू मला विचारलं नाहीस," ती गायत्रीला म्हणाली. "सही कर म्हणालीस, मी केली. सगळी खोली तुला विचारून चालते, म्हणून मी वाचलंसुद्धा नाही."

"चुकलं माझं."

"मी भूगोल भरला तर तुझं काय होईल?"

"वर्ग बंद होईल."

"आणि मग ते तुझं पुढचं?"

"ते माझं मी बघेन. तू बदलून टाक. आजच बदल, उद्यावर ठेवू नकोस."

अनुसयाबाई दोन पावलं पुढे आल्या. "मला मंगळवारपासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "परवा मैदानावर रंजना भेटली तेव्हाही माहीत होतं. मी सांगितलं नाही. गायत्रीला काल कळलं, माझ्याकडून. तिच्यावर रागावू नका."

 म्हाताऱ्या माणसाने असं काही कबूल केलं की तरुण पोरांना कुठे बघावं कळत नाही. वीरसिंगने मोबाइल काढून उगाच बघितला. मग म्हणाला, "मी राहतो. मला तसाही पंखा आवडतो." चेतनाही विषय बदलायच्या फॉर्मच्या रांगेत गेली नाही. बाकीचे सात जण गेले. जाताना रंजना एकदा वळली, परत आली, गायत्रीच्या ओढणीचं टोक सारखं केलं आणि मग गेली.

दुपारपर्यंत यादीत तीन नावं उरली.

पितांबर सरांच्या केबिनमध्ये बाई आणि गायत्री समोरासमोर बसल्या, एकमेकींकडे न बघता. सरांनी वर्ग बंद केल्याच्या कागदावर सही केली. त्यांनाही वाईट वाटत होतं.

"पण एक मला कळत नाही," ते म्हणाले. "ही पोरगी बी.ए.ला आली कशाला? बारावी सायन्स आहे ना हिचं?"

"अर्थशास्त्र करायचंय म्हणून," बाई म्हणाल्या.

"मग? बाई, हल्ली अर्थशास्त्राच्या एम.ए.ला गणितवाली, स्टॅटिस्टिक्सवाली मुलं सर्रास जातात. इंजिनिअरसुद्धा बसतात प्रवेश परीक्षेला. हिने बी.एस्सी. गणित घ्यायला हवं होतं, मायनर अर्थशास्त्र. अर्थशास्त्राला दहा नावं गोळा करावी लागत नाहीत, साठ असतात."

"सायन्सवाल्यांना एम.ए. देतात?" बाईंनी विचारलं.

"कधीपासून देतात!"

खोलीत पंखा फिरत होता. अनुसयाबाईंना मागच्या वर्षीची ती रांग दिसली. चौथा नंबर. आपण धरलेला तिचा हात.

"पहिल्या वर्षाचे प्रवेश अजून चालू आहेत," सर सांगत होते. "उद्या शेवटचा दिवस. पण पुन्हा पहिल्यापासून. झालेलं वर्ष गेलं समजायचं. शिष्यवृत्तीचं एक वर्ष नक्की अडकेल. हॉस्टेलचं मी विचारून बघतो, खात्री देत नाही. नाहीतर बी.ए. पूर्ण कर, भूगोल घे, छान मार्क मिळतील, बी.एड. कर. तेही काही वाईट नाही."

बाहेर येऊन दोघी लिंबाखालच्या बाकावर बसल्या. आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं.  मग बाई बोलल्या, समोर सायकल स्टँडकडे बघत.

"एकोणीसशे बहात्तर साली मी पुण्याला एम.ए.ला गेले होते. दुष्काळाचं वर्ष. वडिलांनी बैलजोडीतला एक बैल विकला होता. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर ते चिन्ह काढलं, काल तू काढलंस ते. वर्गात तीस जण होते. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मीही घेतलं. ते काय आहे ते मला माहीत नव्हतं, आणि ते काय आहे हे विचारायची छाती नव्हती. नऊ आठवडे मी नुसती उतरवून घेत होते. मग परत आले. घरी सांगितलं, पुण्याची हवा मानवली नाही. गावभर तेच सांगितलं. नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं. पुढे बाहेरून एम.ए. केलं, पाठ करून."

गायत्रीने पहिल्यांदा त्यांच्याकडे बघितलं.

"माझं चुकलं होतं ते बी.ए.ला गणित नव्हतं म्हणून. म्हणून मी ठरवलं की तू बी.ए. करायचं आणि त्यात गणित घालायचं. माझाच पेपर मी तुझ्या वहीत सोडवत बसले गं. आता दुसऱ्या वाटेने जातात हे मी कोणाला विचारलंसुद्धा नाही. मला वाटलं, मला माहीत आहे. तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

 गायत्री म्हणाली, "नऊ आठवडे म्हणजे पुष्कळ, बाई. मी असते तर चौथ्या दिवशी घरी."

बाईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. पदर शोधावा लागला.

"काय करू आता?" गायत्रीने विचारलं.

उत्तर बाईंच्या जिभेवर तयार होतं. बी.एस्सी. कर, शिष्यवृत्तीचं मी बघते, हॉस्टेल नाही मिळालं तर माझ्या घरी राहा. सगळं क्षणात आखून झालं होतं, रकान्यांसकट. त्या गप्प राहिल्या. ते गप्प राहणं मंगळवारपासूनच्या गप्प राहण्यापेक्षा वेगळं होतं, आणि जास्त जड.

"घरी विचार," त्या म्हणाल्या.

गायत्रीने फोन लावला. डोंगरात रेंज यायला वेळ लागतो. बाज्या टेकडीवर चढून बोलत असणार, वाऱ्याचा आवाज बाकापर्यंत ऐकू येत होता. बोलणं पावरी भाषेत होतं. बाईंना मधले शब्द तेवढे कळत होते, गणित, बी.एस्सी., वर्ष, रंजना. मग पलीकडून एक प्रश्न आला, तो मात्र बाईंनी चालीवरून ओळखला. वर्षभर तोच प्रश्न असायचा.

"बाबा विचारतात, बाई काय म्हणते?" गायत्री म्हणाली.

"सांग, बाईला या वेळी माहीत नाही. बाईचं मागचं सांगणं चुकलं होतं. राहायला जागा लागली तर बाईचं घर आहे. ठरवायचं तू."

गायत्रीने ते सांगितलं.  मग बाज्या बोलला, दोनच वाक्यं असतील, आणि मागून आईचा, रूपलीबाईचा, आवाज आला, तो पुष्कळ लांब. गायत्री हसली, हो हो म्हणाली, फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, पेरणी उगवली नाही तर दुबार पेरतोच की आपण, त्यात रडायचं काय. आणि आई म्हणाली, रंजनाच्या आईला बाजारात तोंड दाखवायचंय मला, त्या पोरीचं नीट झालं का ते आधी सांग."

"मग?"

"मग काय, बाई." ती उठली. चेहऱ्यावर आनंद नव्हता, नुसतं एक ठरलेपण होतं. "आता ही सगळी माझ्या पुढे जातील. वीरसिंग चिडवणार मला, ज्युनिअर म्हणून. वर्षभर चिडवेल."

"चिडवू दे."

"तुमच्याकडे राहिले तर भाडं देईन मी. आणि तापीबाईंच्या चुलीला हात लावणार नाही."

"ते तिलाच सांग."

विज्ञान शाखेच्या खिडकीसमोर रांग नव्हती. आतला क्लार्क डबा खात होता. अनुसयाबाई चार पावलं मागे, खांबाला टेकून उभ्या राहिल्या. हात पुढे जाऊ नये म्हणून त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. गायत्रीने फॉर्म घेतला, तिथेच कट्ट्यावर ठेवून भरला, एकदा खाडाखोड केली, पुन्हा लिहिलं.

क्लार्कने फॉर्म बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "एफ.वाय.? तू तर दुसऱ्या वर्षाला आहेस ना?"

"होते," गायत्री म्हणाली आणि फोटो चिकटवायला डिंक मागितला.